बार काढल्यानंतरचं
वाचकांच्या पत्रांना उत्तरं

दिवाळी अंकात मी तानाना नदीकाठच्या शिकारीबद्दल लिहिलं, तेव्हा संपादकांना म्हटलं होतं, शिव्या आल्या तर त्याही पाठवा. त्यांनी शब्द पाळला. एकतीस पत्रं आली. निम्म्यांत प्रश्न एकच होता, म्हणून मी आठ निवडली आहेत.

अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी मूळची सिंधुदुर्गातली. १९९६ पासून अलास्कातल्या फेअरबँक्स या गावी राहते. एका प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासायचं काम केलं, आता निवृत्त आहे. वर्षातून एकदा, सप्टेंबरात, बहुतेक वेळा एकटी, मूसच्या शिकारीला जाते. मूस हे हरणांच्या कुळातलं सगळ्यांत मोठं जनावर. थोराड नर साडेपाचशे ते सातशे किलोचा असतो, आपल्या गव्याच्या जवळपास जाणारा. वर्षभर घरात जे मटण शिजतं ते त्याचंच.

मुक्या, निःशस्त्र जनावरावर दुर्बीण लावलेल्या रायफलीतून गोळी झाडायची आणि वर त्याचा लेख लिहायचा. यात पराक्रम तो कसला? — एक वाचक, पुणे

कसलाच नाही. ‘पराक्रम’ हा शब्द माझ्या लेखात होता की काय म्हणून मी तो पुन्हा वाचून पाहिला. नव्हता.

माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतसंरक्षणाच्या परवान्याची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, आणि डुकरांना हे कसं कळायचं कोण जाणे, ती नेमकी त्याच आठवड्यात भातात उतरायची. आजोबा म्हणायचे, “बार काडूक खंयच्याय येड्याक येता. जनावर सोदून हाडता, तो शिकारी.” म्हणजे, गोळी कुणीही झाडतो, जनावर शोधून आणतो तो शिकारी. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटायचं.

बार काढायला दोन सेकंद लागतात. मूस पडला की काम सुरू होतं. एकटीला सहाशे किलोचा नर कुशीवर वळवता येत नाही. म्हणून आधी एक पाय दोराने झाडाला ताणून बांधायचा, मग पोट फोडायचं, आतडी न फुटू देता बाहेर ओढायची. हात कोपरापर्यंत आत असतात आणि तेवढेच काय ते गरम असतात. सोलायला नि सांधे सोडवायला मला सहा-सात तास लागतात, तरुणपणी पाच लागायचे. मांस निघतं सव्वादोनशे किलोच्या आसपास, वर हाडं. माझं वजन अठ्ठावन्न किलो. गेल्या खेपेला आठशे पावलांवरच्या होडीपर्यंत बारा फेऱ्या झाल्या, त्याही मऊ, बुडबुडणाऱ्या, गवताच्या गड्ड्यांनी भरलेल्या दलदलीतून.

इथला कायदा सांगतो की मान, छाती, बरगड्या, चारी पाय, पाठीचं मांस, खाण्याजोगं सगळं आणलंच पाहिजे. टाकून आलात तर तुरुंगाची शिक्षा आहे. आणि शिंगं मांसाच्या आधी जंगलाबाहेर नेता येत नाहीत. हे कलम मला फार आवडतं. ज्याला भिंतीवर लावायला शिंगं हवीत त्याने आधी बारा फेऱ्या माराव्यात. मटण विकायलाही मनाई आहे, खायचं किंवा वाटायचं. शेजारी एक आजोबा आहेत, अथाबास्कन, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, पंच्याऐंशीच्या पुढचे. पासष्ट वर्षांवरच्या माणसासाठी दुसऱ्याने शिकार करून द्यायची सोय कायद्यात आहे, तशी मी त्यांच्यासाठी दोनदा केली. त्या शिकारीत शिंगं कापून त्यांची शोभा घालवावी लागते, म्हणजे ‘आजोबांसाठी’ म्हणत कुणी स्वतःसाठी शिंगं गोळा करू नयेत.

तेव्हा पराक्रमाचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. हमालीचं म्हणाल तर पुढच्या सप्टेंबरात या.

एवढ्या ओसाड मुलखात एकटीच का जाता? भीती वाटत नाही? — एक शिक्षिका, नाशिक

वाटते. अस्वलाची वाटते त्याहून स्वतःच्या घोट्याची जास्त वाटते. तिथल्या दलदलीत पाय मुरगळला तर दोन किलोमीटर म्हणजे दोन दिवस. फ्रिजवर चिठ्ठी लावून जाते: कुठल्या ओढ्याला वळणार, होडी कुठे बांधणार, कुठल्या तारखेनंतर शोधायला यायचं. गळ्यात उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र असतं, रोज संध्याकाळी घरी ‘ठीक’ एवढाच निरोप जातो. अस्वलांसाठी तिखटाचा फवारा. मांस आतड्यांच्या ढिगापासून शंभरेक पावलं दूर, उघड्यावर, लांबून दिसेल असं टांगायचं, आणि परत येताना मोठ्याने बोलत यायचं. मी बहुतेक वेळा पाढे म्हणते. एकोणतीसचा पाढा अजून चुकतो.

आणि आपणच घालून घेतलेला एक नियम: नदीपासून आठशे पावलांच्या पलीकडचा मूस माझा नाही. तो कितीही मोठा असो, कितीही वेळ आडवा उभा राहो. जे एकटीला वाहून आणता येणार नाही ते एकटीने मारायचं नाही.

एकटी का, याचं उत्तर जरा अवघड आहे. पहिली काही वर्षं मी चौघांबरोबर जायची. चौघं असली की तिसऱ्या दिवसापासून कुजबूज सुरू होते, ‘हा चालेल’, ‘घे, घे’. आमच्या भागात नर मारायचा तर त्याच्या शिंगांचा पसारा पन्नास इंच तरी हवा, किंवा कपाळाजवळच्या फाट्यांची संख्या पुरेशी हवी, किंवा तो अगदी कोवळा, एक-दोन टोकांचा हवा. मधल्यांना हात लावायचा नाही, ते उद्याचे बाप. दीडशे मीटरवरून, झुडपातून, पन्नास की सत्तेचाळीस हे ठरवताना कानाशी कुणी ‘घे, घे’ म्हणत असलं की सत्तेचाळीसचे पन्नास होतात. एकटी असले की ते होत नाही. पण एकटी असले की ‘थांब’ म्हणणाराही नसतो. त्याबद्दल शेवटच्या पत्रात लिहिलं आहे.

एक गंमत सांगते. इथले कोयुकॉन लोक, अथाबास्कनांपैकीच, ‘मूस मारायला चाललो’ असं बोलत नाहीत, बढाई तर नाहीच. जनावराला ते कळतं आणि ते तुम्हाला लाभत नाही अशी समजूत. मी पहिल्यांदा होडी भरत होते तेव्हा शेजारच्या त्या आजोबांनी विचारलं नाही की कुठे निघालीस. नुसतं म्हणाले, “हवा बरी आहे.” मला एकदम आजी आठवली. बाहेर पडणाऱ्याला ‘कुठे’ म्हणून विचारलं की ती डोळे मोठे करायची. मग या आजोबांनीच मला मूसच्या खांद्याचं वाळलेलं हाड दिलं. विलोच्या झुडपावर ते घासलं की नर शिंगं घासतोय असा आवाज होतो आणि दुसरा नर भांडायला येतो. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद.

‘जादुई बस’वाल्या ख्रिस मॅककँडलेसबद्दल तुमचं मत काय? आम्हा मित्रांमध्ये तो हिरो आहे. — एक विद्यार्थी, कोल्हापूर

त्याच्यावर ‘इन्टू द वाइल्ड’ हे पुस्तक निघालं, सिनेमा निघाला, त्यामुळे हा प्रश्न येणारच होता. तो चोवीस वर्षांचा होता. १९९२ च्या एप्रिलअखेर तो इथल्या हीली गावाजवळच्या स्टँपीड ट्रेल नावाच्या जुन्या वाटेने आत गेला. बरोबर साडेचार किलो तांदूळ आणि पॉइंट टू टूची रायफल, म्हणजे ससे-खारींची बंदूक. रानात सोडून दिलेल्या, फेअरबँक्सच्या जुन्या सिटी बसमध्ये राहिला. जुलैत परत निघाला तर तेकलानिका नदी फुगलेली होती. ऑगस्टात तो त्याच बसमध्ये उपासमारीने गेला. सप्टेंबरात त्याचं शव ज्यांना सापडलं ते मूसच्या शिकारीला आलेले लोक होते.

तुमच्या मित्रांना मी त्या गोष्टीतलं एकच पान वाचायला सांगेन. ९ जूनला त्याने एक मूस मारला. हंगाम नव्हता, परवाना नव्हता, पण भुकेल्या माणसाला मी परवाना विचारणार नाही. पुढचे पाच दिवस बघा. त्याने मांस धुरावर धरायचा प्रयत्न केला. जूनमध्ये इथे रात्र होत नाही, ऊन उतरत नाही, माश्या झोपत नाहीत. इथले लोक मांसाच्या पातळ, लांब पट्ट्या काढून वाऱ्यावर टांगतात, खाली जेमतेम धूर. पट्टी जाड राहिली की आतून नासते. हे त्याला कुणी दाखवलेलं नव्हतं. १४ जूनपर्यंत अळ्या पडल्या आणि त्याने ते सगळं लांडग्यांना सोडलं. वहीत त्याने लिहून ठेवलं की हे जनावर मारलं नसतं तर बरं झालं असतं, आयुष्यातल्या मोठ्या दुःखांपैकी हे एक.

ती वही नसती तर त्या मूसचं काय झालं हे कुणालाही कळलं नसतं. त्याने सबब लिहिली नाही, माश्यांना दोष दिला नाही. इथल्या बऱ्याच लोकांना त्याचा राग आहे, बेजबाबदार पोरगा म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण मी त्या पानापाशी थांबते. माझ्या ओळखीत असे शिकारी आहेत ज्यांनी याहून जास्त मटण नासवलं आणि फोटो मात्र शिंगांचा लावला.

ती बस बघायला जाताना पुढे दोघी जणी त्याच नदीत बुडाल्या. शेवटी २०२० च्या जूनमध्ये सरकारने हेलिकॉप्टरला टांगून ती उचलली. आता ती आमच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे आहे. तिथे आलात तर घरी या, जेवायला मूसच असेल.

मला अलास्कात येऊन एकट्याने शिकार करायची आहे. खर्च किती? — एक तरुण, ठाणे

भारतीय पासपोर्टवर आलेल्या पाहुण्याला इथे मोठ्या जनावराची शिकार नोंदणीकृत वाटाड्याशिवाय करताच येत नाही, तेव्हा ‘एकट्याने’ हा शब्द आधी खोडा. वाटाड्याच्या पैशांत घरचं छोटं लग्न होईल. त्यापेक्षा जूनमध्ये नुसते चालायला या. माग काढायला शिका: चिखलातला खूर किती जुना, विलोचा शेंडा आज खुडला की काल. मला पहिली दोन वर्षं बंदूक कुणी हातात दिली नव्हती.

तुम्ही तिथे मारता ती शिकार, आणि आम्ही भात खाणारा डुक्कर मारला तर गुन्हा. हा न्याय कुठला? — एक शेतकरी, कुडाळ तालुका

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अख्खा वाफा एका रात्रीत नांगरल्यासारखा झालेला मी लहानपणी पाहिला आहे. सकाळी आजी बांधावर बसून राहायची, बोलायची नाही.

पण न्यायाचं म्हणाल तर आधी आकडे बघा. अलास्का १७ लाख चौरस किलोमीटरचं, माणसं सव्वासात लाखांच्या आसपास. महाराष्ट्र ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरचा आणि २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २४ लाख माणसं. इथे मूस पावणेदोन ते दोन लाख आहेत आणि वर्षाला सहा ते आठ हजार मारले जातात. कुठल्या खोऱ्यात किती हे विमानातून मोजणी करून दरवर्षी ठरतं, आणि मी मारलेल्या जनावराचा अहवाल मला पंधरा दिवसांत द्यावा लागतो. आपल्याकडे १९७२ चा कायदा आला तो साहेब, संस्थानिक आणि नंतर जीपवाले अशा सगळ्यांनी मारून झाल्यावर. आजोबांच्या पिढीनेही मारलं. भेकर, साळिंदर, पिसोरी. गरज म्हणून थोडं आणि रात्री बॅटरी मारून मजा म्हणून पुष्कळ. हे आपल्या घरातलं आहे म्हणून झाकायचं नाही.

तरी तुमच्यासाठी दार अगदी बंद नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारायची लेखी परवानगी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे आणि महाराष्ट्रात ती वनखात्याकडून मिळते. नुकसानभरपाईसाठीही अर्ज करता येतो. दोन्हीला किती खेटे घालावे लागतात हे तुम्ही मला सांगायची गरज नाही, माझा भाऊ दर मे महिन्यात फोनवर तेच सांगतो.

आता मला जे बोलायचं आहे ते. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत की परवानगी मिळेना म्हणून ‘गावात लोक दुसरे उपाय करतात’. मला ते उपाय माहीत आहेत. मोटारसायकलच्या क्लच केबलची फासकी, आणि पिठात गुंडाळलेला गावठी बॉम्ब. फासकी लावणारा घरी जाऊन झोपतो. तिच्यात डुक्कर पडतं, तसा बिबट्या पडतो, कुत्रा पडतो, शेजाऱ्याची गाभण शेळी पडते, आणि कमरेत तार रुतलेलं जनावर दोन-दोन दिवस झाड ओरबाडत राहतं. बॉम्बने जबडा उडतो, जनावर मरत नाही. चरता येत नाही म्हणून ते उपाशी मरतं, रानात कुठेतरी. आजोबांचं सगळं मला पटत नव्हतं, पण फासकी लावणाऱ्याला ते वाट्याला बसवत नसत. सागाच्या पानांवर वाटे मांडले जायचे, देवाचा, बार काढणाऱ्याचा, हाक्याला आलेल्यांचा, अगदी विधवा बाईच्या घरचाही. फासकीवाल्याचा नाही. तो तिथे नव्हताच ना.

परवाना घेऊन, बांधावर रात्र जागून, समोर दिसणारं डुक्कर मारलंत तर माझ्या मते ती शिकारही नव्हे, शेती आहे. फासकीला मात्र मी शेती म्हणणार नाही.

तुमच्याच राज्याने हेलिकॉप्टरमधून अस्वलं मारली, ते शिकारीच्या ‘नीती’त बसतं का? — एक वाचक, टोरंटो

नाही. २०२३ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर मुलचात्ना भागात सरकारी माणसांनी ९४ तपकिरी अस्वलं, ५ काळी अस्वलं आणि ५ लांडगे मारले. कारण असं की तिथल्या कॅरिबूंचा, म्हणजे रानटी रेनडिअरांचा, कळप १९९७ च्या सुमाराला दोन लाखांचा होता तो बारा-तेरा हजारांवर आला. कॅरिबूवर जगणारी गावं तिथे आहेत, त्यांची चूल मला दिसते. पण कळप अस्वलांनीच घटवला की रोगाने आणि चाऱ्याने, यावर इथले जाणकारच भांडत आहेत. प्रकरण कोर्टातही गेलं.

मी ज्या दिवशी छोट्या विमानाने रानात उतरते त्या दिवशी मला बंदूक उचलता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. वरून जनावर हेरून, उतरून मारू नये म्हणून हा नियम. मला जो नियम आहे तो मला आवडतो, आणि तो सरकारला नाही हे मला खटकतं. याहून जास्त बोलायला मी त्या भागातली नाही.

बाळ, मी माळकरी आहे. तुला दोष द्यायला लिहीत नाही. जीव जातो तेव्हा तुला काय वाटतं एवढंच सांग. — एक आजी, आळंदी

आजी, आमच्याही घरात माझी मोठी काकू माळकरी होती. शिकार आली की तिची चूल वेगळी, भांडी वेगळी, पण ती कुणाला बोलायची नाही. मटण शिजत असलं की परसदारी जाऊन हरिपाठ म्हणायची. तिच्यासमोर मला जेवढा संकोच व्हायचा तेवढाच आता तुम्हाला लिहिताना होतो आहे.

पहिल्या वेळी मी रडले. दुसऱ्या वेळी नाही, आणि रडू आलं नाही याचीच भीती वाटली. आता काय होतं सांगते. गोळी नीट खांद्यामागे, फुफ्फुसात लागली तर मूस लगेच कोसळत नाही. तो उभा राहतो, काही ऐकू आल्यासारखा. कधी आणखी दोन घास खातो. मग गुडघे मोडतात. ती आठ-दहा सेकंदं माझं चित्त दुसरीकडे कुठेच जात नाही. त्यानंतर मी अर्धा तास जागची हलत नाही; एक तर जनावराला धडपडत उठायला लावू नये म्हणून, आणि दुसरं म्हणजे हात थरथरत असतात. जवळ जाते, डोळ्याला लांब काडी लावून बघते. मग पाठीवर हात ठेवते. काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही. मालवणीत असतं, आणि त्यात गाऱ्हाण्यासारखं थोडं, माफीसारखं थोडं असतं.

पाप वाटतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत. वाटतं. दुकानातली कोंबडी आणते तेव्हा वाटत नाही, आणि ते जास्त वाईट असावं असा मला संशय आहे. तुम्ही दोन्ही खात नाही. तुमच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही, आजी.

लेखात सगळं नीट पार पडलेलं वाचलं. कधी चुकलात का? खरं सांगा. — एक निवृत्त वनरक्षक, चंद्रपूर

साहेब, लेख वाचताना हा प्रश्न कुणीतरी विचारील असं वाटलं होतं, आणि तो तुमच्या खात्यातल्याच माणसाने विचारावा हे बरं झालं.

२०११ चा सप्टेंबर. सहावा दिवस. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. त्या दिवसांत इथे रोजचा उजेड सहा-सात मिनिटांनी कमी होत जातो, आणि त्या संध्याकाळी पावसाचे ढगही आले होते. पाणथळाच्या पलीकडे नर निघाला. पन्नास इंच नक्की, त्यात शंका नव्हती. अंतर सव्वादोनशे मीटर होतं. माझी स्वतःची हद्द दीडशे. तो तिरका उभा होता, पाठमोराच जवळजवळ. बरोबर कुणी असतं तर म्हणालं असतं, ‘उजेड नाही, सोड.’ मी बार काढला.

तो हलला नाही. मग वळून, घाई न करता, स्प्रूसच्या, म्हणजे इथल्या सूचिपर्णी झाडांच्या, दाटीत गेला. मी अर्धा तास थांबले. जिथे उभा होता तिथे रक्त होतं, गडद, तपकिरी, त्यात चघळलेल्या पाल्याचा चोथा. तुम्हाला सांगायला नको, गोळी पोटात लागली होती. असं जनावर लवकर मरत नाही. त्याच्यामागे लगेच गेलं तर ते मैलभर पळतं, म्हणून रात्रभर थांबायचं ठरवलं. रात्री पाऊस आला.

सकाळी रक्त धुऊन गेलं होतं. खुरांचा माग दोनशे पावलं लागला, मग शेवाळ्यात बुजला. दोन दिवस शोधलं. दोरा बांधून रेघा आखल्यासारख्या फेऱ्या घातल्या, ओणवी होऊन पानांच्या मागची बाजू पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी कावळे घोंगावताना दिसले, इथले डोमकावळे, आपल्या कावळ्यांच्या दुप्पट. धावत गेले, तर तिथे जुना सांगाडा होता, दुसऱ्याच कुठल्या वर्षाचा. सोमवारी कामावर गेले नाही. मंगळवारी गेले.

तुम्ही कॉर्बेट वाचला असेल. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसं मारली. १९०७ साली त्यांनी तिला टिपली तेव्हा तिचे उजवीकडचे वरचे-खालचे दोन्ही सुळे तुटलेले निघाले, जुन्या गोळीने. तो बार कुणी काढला होता? त्याला आपण काय केलं हे बहुधा मरेपर्यंत कळलं नसेल. त्या वर्षी मी या माणसाचा पुष्कळ विचार केला. माझा मूस नरभक्षक होणार नव्हता, तो नुसता कुठेतरी आडोशाला बसून राहिला असेल, रात्रभर, कदाचित दुसरी रात्रही. सव्वादोनशे मीटरवर, सोमवार येणार म्हणून.

मूसच्या परवान्याबरोबर इथे एक तिकीट मिळतं. जनावर पडलं की तिथल्या तिथे त्यातला महिना आणि तारीख कापायची. माझं तिकीट कोरंच होतं, हंगामाचे नऊ दिवस उरले होते आणि फ्रीजर रिकामा होता. मी पुन्हा गेले नाही. त्या वर्षाचा मूस माझ्या हिशेबी पडलेला होता. त्या हिवाळ्यात आम्ही डाळ-भात आणि दुकानातली कोंबडी खाल्ली, आणि शेजारच्या आजोबांनी त्यांच्या वाट्यातली एक मांडी पाठवली. कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हंगाम संपल्यावर अहवाल भरायचा होता. किती दिवस गेलात: आठ. कुठल्या भागात: लिहिलं. जनावर मारलं का: हो, नाही.

मी ‘नाही’वर खूण केली. कायद्याने ते बरोबरच होतं.